घरी जोडलेला नवीन पीसी : रॅम खराब आहे की आणखी काही?

साचेकार | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रामचं काम करतो. फाउंड्रीला लागणारे लाकडाचे आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न आमच्याकडे होतात. रात्रीचं काम घरून उरकता यावं म्हणून फुलेवाडीत घरी नवा पीसी जोडला. पैसे साठवून, एकेक भाग बघून घेतलाय, त्यामुळे जीव अडकलाय त्यात.

रायझन ७ ७७००, बी६५० चा बोर्ड, डीडीआर५ च्या १६ जीबीच्या दोन स्टिक. खोक्यावर ६००० लिहिलंय. कूलर वेगळा घेतला, टॉवरवाला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा चार-पाच मिनिटं स्क्रीन काळाच होता, बोर्डावर डी-रॅमचा पिवळा दिवा. मग आपोआप चालू झाला. दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवसापासून निळा स्क्रीन येतोय. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. झिप उघडताना सीआरसी एरर येतो आणि तीच झिप परत उघडली की नीट उघडते. काल रात्री पंपाच्या केसिंगचं मॉडेल सेव्ह करून झोपलो. सकाळी उघडलं तर एक अख्खा फेस गायब.

दुकानात गेलो. त्यांनी दोन्ही स्टिक त्यांच्या मशीनवर लावून दाखवल्या, विंडोज सुरू झालं, म्हणाले बदलून मिळणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत, दुसरी जोडी घ्यायची ऐपत नाही. रॅमच खराब आहे हे सिद्ध कसं करायचं?


पंचगंगा घाट | सोमवार, रात्री १०:५२

भावा, आधी एक्सपो बंद कर बायॉसमध्ये, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणारं ते सेटिंग. लय जणांचं तिथंच अडतंय.


जुना४८६ | सोमवार, रात्री ११:१५

स्टिक काढा, सोनेरी पट्टीवर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, फुंकर मारा, परत बसवा. राजारामपुरीत १९९८ पासून पीसी दुरुस्त करायचो, दहातली सात मशीन एवढ्यावर चालू होत. रॅम नीट बसली नाही की लांब लांब बीप वाजायची, रस्त्यावरून ऐकू यायचं कुणाचं काय बिघडलंय ते.


तिसरी गल्ली | सोमवार, रात्री ११:३०

काका, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण नव्या स्टिकला रबर लावू नका. त्या काळात स्टिक वर्षानुवर्षं स्लॉटमध्ये असायच्या, पावसाळ्याच्या दमटपणाने संपर्क काळे पडायचे, तिथे रबर उपयोगी पडायचं. नव्या स्टिकवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, रबराने तो घासला जातो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड.

साचेकार, विंडोज सुरू झालं म्हणजे रॅम चांगली, ही दुकानाची तपासणी काही खरी नाही. ३२ जीबीतला एखादा कोपरा खराब असेल तर तिथवर पोचेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. एका पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाका, त्यावरून बूट करा. फुकटच्या आवृत्तीत चार पास, म्हणजे तपासणीच्या चार फेऱ्या, मिळतात. ३२ जीबीला रात्र जाईल, जाऊ द्या. एकही एरर चालत नाही. 'फक्त दोनच आले' असं म्हणायची सोय इथे नाही.

क्रम असा ठेवा. एक्सपो बंद, दोन्ही स्टिक लावून टेस्ट. एरर आला तर एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ज्यावर ए२ लिहिलंय त्यात. मग दुसरी स्टिक, त्याच स्लॉटमध्ये. शेवटी त्याच स्टिक बी२ मध्ये, एकेक करून. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर लिहून ठेवायचं. स्टिक काढताना मशीन बंद करा, प्लगही काढा.


इचलकरंजीचा माग | सोमवार, रात्री ११:४८

बाकीचं नंतर. साचेकार, त्या मशीनवर काम करणं आत्ता, या मिनिटाला थांबवा. जुन्या लॅपटॉपवर असलेल्या मूळ फाईलवर नवीन कॉपी चढवू नका.

कळकळीने सांगतोय, कारण आमच्या सायझिंगच्या हिशेबाचं असंच झालं. मशीन अधूनमधून बंद पडायचं, आम्ही चालू करून पुढे जायचो. रोज बॅकअप घेत होतो. तीन महिन्यांनी कळलं की बॅकअपमध्येही चुकीचेच आकडे गेलेत. रॅममधून जाताना आकडा बदलला, डिस्कने तो इमानेइतबारे लिहून घेतला, बॅकअपने त्याची प्रत काढली. निळा स्क्रीन निदान ओरडून सांगतो. जे न सांगता बदलतं त्याने माझ्या बहिणीची आणि माझी चार रविवारांची झोप घेतली, सगळी बिलं हाताने जुळवत बसलो.


पारिजातक | मंगळवार, सकाळी ७:२०

इचलकरंजीकर दादांचं अगदी बरोबर आहे. साचेकारांच्या कामात हे किती घातक आहे ते उदाहरणाने सांगते. जी-कोडची, म्हणजे सीएनसी मशीनला द्यायच्या सूचनांची, फाईल साधा मजकूर असते. त्यात '०' हे अक्षर संगणक ००११०००० असं साठवतो आणि '८' हे ००१११००० असं. दोन्हींत एका बिटचा फरक. एक बिट उलटला की एक्स ४० चं एक्स ४८ होतं. फाईल उघडते, प्रोग्राम चालतो, मशीन काहीही कुरकुर करत नाही. कटर आठ मिलिमीटर पुढे जातो.


साचेकार | मंगळवार, सकाळी ७:४१

ताई, वाचून हातपाय गार पडले. कालच एक प्रोग्राम शॉपमध्ये पाठवलाय. फोन करून थांबवतो.


साचेकार | मंगळवार, सकाळी ८:०५

थांबवला. अजून ब्लॉक बांधला नव्हता मशीनवर. मनापासून आभार.


फुलेवाडीकर | मंगळवार, सकाळी ९:१०

शेजारी निघालास की राव. काही लागलं तर सांग, माझ्याकडे डीडीआर५ ची एक स्टिक आहे, तपासायला घेऊन जा.

एक शंका. डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते म्हणतात ना? मग चुका आपोआप दुरुस्त व्हायला नकोत का?


पारिजातक | मंगळवार, सकाळी ९:३५

ती ईसीसी चिपच्या आत. चिपमध्ये साठवलेला बिट बिघडला तर चिप स्वतः सुधारते. चिपमधून निघून स्टिकच्या पट्टीतून, स्लॉटमधून, बोर्डाच्या तारांमधून प्रोसेसरपर्यंत जो प्रवास आहे त्यावर तिचा पहारा नाही. पूर्ण वाटेवर राखण हवी तर खरी ईसीसी स्टिक आणि ती चालवणारा बोर्ड लागतो.


पंचगंगा घाट | मंगळवार, दुपारी १:०२

एक्सपोचं काय झालं? बघितलं का?


कटवेगळा | मंगळवार, दुपारी १:२५

एक्सपो बंद का करायचं पण? ६००० चे पैसे मोजलेत तर ६००० नेच चालली पाहिजे. नाही चालली तर माल खराब, परत करा, विषय संपला.


तिसरी गल्ली | मंगळवार, दुपारी १:५०

कटवेगळा, राग समजतो, पण हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. ६००० ही स्टिक बनवणाऱ्याने दिलेली हमी. प्रोसेसरवाल्याची हमी वेगळी. रायझन ७००० मालिकेला एएमडीने दोन स्टिकसाठी ५२०० एवढाच अधिकृत वेग दिलाय. त्याच्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाने पळवण्यात मोडतं, इंटेलचं तसलंच सेटिंग एक्सएमपीसुद्धा. बहुतेकांचं ६००० चालतं, छान चालतं, माझंही चालतंय. पण दोष शोधताना आधी साध्या वेगावर यायचं. एक्सपो बंद केल्यावरच्या ४८०० वरही एरर आले तर वेग निर्दोष सुटला आणि आपला शोध निम्म्यावर आला. म्हणून बंद करायचं.

आणि बायॉस जुनं असेल तर नवीन टाका. एएम५, म्हणजे तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट, आलं तेव्हाच्या बायॉसमध्ये आणि आताच्यात रॅमच्या बाबतीत खूप सुधारणा आहे. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाले तेव्हा प्रोसेसरच्या एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा बायॉसमधूनच घातली गेली, तेवढ्यासाठी तरी टाकाच. फक्त ते करताना एक्सपो बंद हवं आणि पीसी यूपीएसवर हवा.


बोर्ड_पाहुणा | मंगळवार, दुपारी ३:१५

मधेच घुसतोय, माफ करा. माझंही असंच होतंय. ३२ च्या चार स्टिक, ६००० ला लावल्या की चालूच होत नाही. दोन जोड्या आहेत, एकाच मॉडेलच्या, सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या.


तिसरी गल्ली | मंगळवार, दुपारी ३:३२

चार स्टिकला त्याच प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० आहे. शिवाय मॉडेल नंबर तोच असला तरी आतली चिप दुसऱ्या कंपनीची असू शकते, म्हणून वेगवेगळ्या खोक्यांतल्या जोड्या एकत्र चालतील याची हमी कुणी देत नाही. दोन काढा, उरलेल्या दोन ए२ आणि बी२ मध्ये लावा, मग बघा. सगळ्या हव्याच असतील तर ३६०० पासून सुरू करून हळूहळू वर या.


जुना४८६ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

तिसरी गल्ली, रबराचं तुमचं पटलं. नव्या मालाला नको. पण जुन्याला चालतं यावर मी ठाम आहे. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीपाशी एका गिऱ्हाइकाचं मशीन दोन दिवस पाण्यात होतं. नदीचा गाळ वाळून स्लॉटमध्ये बसला होता. गाडीचे पार्ट पेट्रोलने धुवावेत तसा बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतला, आठ दिवस उन्हात ठेवला, स्टिक स्पिरिटने पुसल्या. पोराचे बारावीचे प्रोजेक्ट त्यात होते. चालू झालं तेव्हा त्याची आई रडली. असो, विषय तो नाही.


कटवेगळा | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

काका, विषय तोच आहे. लिहीत जा अजून.


साचेकार | बुधवार, सकाळी ६:५५

रात्रभर जागलो. वहीतलं तसंच उतरवतो. बायॉस नवीन टाकलं, एक्सपो बंद, वेग ४८००.

दोन्ही स्टिक, ए२ आणि बी२ : पहिल्याच पासमध्ये एरर यायला लागले, शंभरावर गेल्यावर थांबवलं.

फुलेवाडीकरांकडून अजून एक पीसी उसना मिळाला आणि त्याला डीडीआर५ लागते, म्हणून काम लवकर झालं. पहिली स्टिक त्यांच्या पीसीवर : चार पास, शून्य एरर. दुसरी स्टिक माझ्या पीसीवर ए२ मध्ये : चार पास, शून्य.

पहाटे दुसरी स्टिक बी२ मध्ये लावली : पिवळा दिवा, चालूच होईना. तीनदा काढून बसवली. तिसऱ्यांदा चालू झालं आणि चाळीस मिनिटांत एरर.

म्हणजे रॅम चांगली आहे ना? दुकानदार खरं बोलत होता आणि मी उगाच मनात राग धरला.


पंचगंगा घाट | बुधवार, सकाळी ७:३०

शाब्बास भावा. असा वहीत लिहिणारा माणूस भेटला की मदत करायला मजा येते.


कटवेगळा | बुधवार, सकाळी ८:१२

मग बोर्ड खराब. बी२ स्लॉट गेलाय. बोर्ड परत करा.


तिसरी गल्ली | बुधवार, सकाळी ८:४०

घाई नको. बी चॅनेल, म्हणजे बी२ पासून प्रोसेसरपर्यंतची वाट, गेला म्हणजे स्लॉटच गेला असं नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो. स्लॉटपासून निघालेल्या तारा सॉकेटच्या पिनांपर्यंत येतात आणि तिथे प्रोसेसरच्या पोटाला टेकतात. एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत. त्यातली एखादी वाकली किंवा नीट टेकली नाही तर अख्खा चॅनेल रुसतो. प्रोसेसर काढून टॉर्चच्या तिरक्या उजेडात पिनांच्या ओळी बघा. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. ओळीत एकच पिन वेगळी चमकत असेल तर ती वाकलेली. हात मात्र लावू नका.


हेड गॅस्केट | बुधवार, सकाळी १०:०५

मी संगणकातला माणूस नाही. माझं इंजिन रिपेअरचं काम, साचेकारांच्या शॉपपासून दोन गल्ल्या पलीकडे. पोराच्या पीसीसाठी इथलं वाचत असतो. एक विचारू का? तो कूलर कसा आवळला?


साचेकार | बुधवार, सकाळी १०:२०

दादा, दोन स्प्रिंगचे स्क्रू आहेत, आडव्या पट्टीला. एक पूर्ण आवळला, मग दुसरा. दुसरा नीट लागेना म्हणून जरा जोर दिला.


हेड गॅस्केट | बुधवार, सकाळी १०:३८

मग तिथं बघा आधी. सिलिंडर हेड बसवताना एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलो तर हेड तिरकं बसतं. एका बाजूला गॅस्केट चेपतं, दुसऱ्या बाजूला फट राहते. वरून बघितलं तर काही कळत नाही, इंजिन चालूसुद्धा होतं. तापलं की पाणी तेलात. म्हणून सगळे बोल्ट हाताने टेकवायचे, मग थोडं इकडं थोडं तिकडं करत आवळत जायचं. १७१८ पिना म्हणताय, त्या सगळ्या सारख्या दाबल्या गेल्या पाहिजेत ना? एका अंगाला जास्त दाब आला तर दुसऱ्या अंगाच्या पिना हलक्याच टेकणार.


पारिजातक | बुधवार, सकाळी ११:००

दादा, संगणकातले नाही म्हणालात, पण हे अगदी नेमकं आहे. कूलर एकीकडे जास्त आवळला गेल्यामुळे एक मेमरी चॅनेल दिसेनासा होणं ही माहीत असलेली गोष्ट आहे. कधी निम्मीच रॅम दिसते, कधी एरर येतात. साचेकारांच्या खुणा जुळतात. बोर्ड परत करण्याआधी हे करून बघाच, पेस्टच्या एका ट्यूबचा खर्च.


तिसरी गल्ली | बुधवार, सकाळी ११:१६

हे मी सुचवायला हवं होतं. हेड गॅस्केट दादा, आभार.

साचेकार, कूलर काढण्याआधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून प्लग काढा. स्क्रूसुद्धा आळीपाळीने सैल करा. कूलर सरळ वर ओढू नका, आधी डावीउजवीकडे किंचित फिरवा. एएम५ ला प्रोसेसर फ्रेमखाली अडकलेला असतो म्हणून कूलरबरोबर उपटून येत नाही, एएम४ वर मात्र यायचा आणि पिना वाकायच्या. जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावा.


साचेकार | बुधवार, रात्री ११:५०

कूलर काढला. पेस्टवरच सगळं लिहिलेलं होतं. एका कडेला ती इतकी पातळ की खालचा धातू दिसत होता, समोरच्या कडेला जाड, अजून ओली. पॅटर्नवर निळा रंग लावून टेकलंय कुठे ते बघतो आम्ही, तसंच. रोज बघणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

प्रोसेसर काढून पिना बघितल्या. फोटो झूम करून दोनदा तपासले, पारिजातक ताईंनाही पाठवले. सगळ्या सरळ आहेत. प्रोसेसर परत बसवला, पेस्ट लावली. दोन्ही स्क्रू बोटाने टेकवले, मग अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे. दोन्ही आपोआप थांबले तिथेच सोडले, वर जोर दिला नाही.

आता दोन्ही स्टिक लावून टेस्ट सुरू केलीय. पिवळा दिवा मिनिटभर होता, गेला. पहिला पास अर्धा झालाय. एरर शून्य.


फुलेवाडीकर | गुरुवार, सकाळी ६:१०

तुझ्या खिडकीत लाइट दिसतोय. काय झालं?


साचेकार | गुरुवार, सकाळी ६:१४

चार पास. शून्य.


पंचगंगा घाट | गुरुवार, सकाळी ६:३०

नाद खुळा!


इचलकरंजीचा माग | गुरुवार, सकाळी ८:०२

फार बरं वाटलं वाचून. आता विंडोज नव्याने टाका. ते ज्या काळात टाकलं तेव्हाही रॅमची वाट बिघडलेलीच होती, त्यामुळे सिस्टमच्या फाईलवर भरवसा ठेवू नका. आणि या आठवड्यात या पीसीवर सेव्ह झालेलं काहीही खरं मानू नका, मूळ ड्रॉइंगशी ताडून बघा.


तिसरी गल्ली | गुरुवार, सकाळी ९:२५

विंडोज टाकण्याआधी एक्सपो चालू करून अजून एक रात्र टेस्ट. ६००० ला पास झालं तर ठेवा, नाहीतर ५२०० वर राहा. तुमच्या कामात दोन्हींतला फरक हाताला जाणवणारही नाही.


साचेकार | शनिवार, संध्याकाळी ७:३०

६००० ला चार पास, शून्य एरर. तरी सध्या ५२०० वर ठेवलंय. माझ्या प्रोग्रामवर दुसऱ्याचं लाकूड आणि तिसऱ्याचं कास्टिंग अवलंबून असतं, मला शांत झोप हवी.

विंडोज नवीन टाकलं. त्या आठवड्यातल्या अकरा फाईल जुन्या लॅपटॉपवर परत तयार केल्या आणि नव्या पीसीवरच्यांशी ओळ न् ओळ ताडल्या. नऊ जुळल्या. केसिंगचं मॉडेल तर गेलंच होतं. अकरावी फाईल म्हणजे शॉपमध्ये पाठवलेला तो प्रोग्राम. त्यात एका ओळीत वाय १२ च्या जागी वाय १३ होतं. एक बिट. पारिजातक ताई, ती ओळ छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

दुकानात जाऊन मालकांना सांगून आलो की रॅम चांगली होती. त्यांनी चहा पाजला. हेड गॅस्केट दादा, सोमवारी शॉप सुटल्यावर तुमच्याकडे येतोय, मिसळ माझ्याकडून.


हेड गॅस्केट | शनिवार, रात्री ८:१५

या. पोराला पण थांबवतो, त्याचा कूलर कसा आवळलाय ते जरा बघून द्या.


बोर्ड_पाहुणा | रविवार, सकाळी १०:४०

दोन स्टिक काढल्या. ६००० ला चालू झालं, रात्रीची टेस्ट पास. उरलेली जोडी भावाच्या पीसीला देतोय.